फेस नसलेली अंघोळ

शाम्पूने धुतलेली केसांची बट ओली असतानाच दोन बोटांत धरून खाली ओढली की कच्चकन आवाज येतो. स्वच्छतेची खूण म्हणून हा आवाज आपल्या कानात इतका बसलाय की तो आला नाही तर हात आपोआप पुन्हा बाटलीकडे जातो. आवाज आहे निव्वळ घर्षणाचा. केसावर सीबम नावाचा तेलकट थर असतो. तो पार निघाला की केसाची खवल्याखवल्यांची साल उघडी पडते आणि बोट तिच्यावरून अडकत अडकत सरकतं. घासलेल्या ताटावर बोट फिरवून बघतात, तसंच हे. ताट तेलकट राहिलं तर ते पुन्हा घासावं लागतं. केस मात्र मुळातच थोडा तेलकट असतो.

साबण-शाम्पू सोडायचं म्हटलं की सगळ्यात आधी या कानाची समजूत घालावी लागते. नाकाचा नंबर त्यानंतर.

साबणाचा रेणू एका टोकाने तेलाला धरतो, दुसऱ्याने पाण्याला, आणि दोघांना हाताला धरून मोरीत नेतो. त्याला आपपरभाव नाही. यंत्राचं वंगण आणि कातडीने स्वतः तयार केलेलं तेल त्याच्या लेखी सारखंच. शिवाय पारंपरिक साबणाच्या वडीचा सामू, म्हणजे पीएच, ९ ते १० असतो आणि त्वचेचा पृष्ठभाग ५ च्या आसपास, किंचित आंबट. अंघोळीनंतर ही आंबटी पूर्ववत व्हायला काही तास लागतात. कोरड्या हवेत नडगीवर नखाने रेघ ओढून पाहा. पांढरी रेघ उमटली आणि कडेला बारीक कोंडा सुटला, तर तिथे साबणाला काही कामच नव्हतं. नडगीवर तेलाच्या ग्रंथी आधीच कमी. तिथे रोज वडी फिरवायची आणि मग वरून मॉइश्चरायझर चोपडायचं, म्हणजे आधी उपसायचं आणि मग विकत आणून भरायचं.

अंगाला वास येतो तो ठरावीक जागांनाच. अंगभर येतो तो पातळ, खारट घाम जवळजवळ बिनवासाचा असतो. काखेत आणि जांघेत वेगळ्या घामग्रंथी असतात. त्यांचा दाटसर स्रावही ताजा असताना वास मारत नाही. तिथले जिवाणू तो खातात, आणि त्यांनी मागे टाकलेली आम्लं आणि गंधकाची संयुगं म्हणजे आपला ओळखीचा दर्प. पायांचा आंबूस वास आणखी वेगळा. बुटात कोंडलेल्या घामातल्या ल्युसीन या अमिनो आम्लापासून जिवाणू आयसोव्हॅलेरिक आम्ल बनवतात, त्याचा तो. म्हणून सोडायची सुरुवात हात, पाय, पाठ, पोट इथून करावी. काख, जांघ आणि पाऊल शेवटी. काहींना काखेचा साबण कधीच सुटत नाही, आणि त्यात हरल्यासारखं काही नाही.

आता प्रत्यक्ष अंघोळ. साबण जे काम अर्ध्या मिनिटात उरकतो ते हाताने करायचं, तर वेळ द्यावा लागतो. पाणी कोमट हवं. गार पाण्याने तेल हलत नाही आणि कढत पाण्याने त्वचा साबणाइतकीच कोरडी पडते. आधी दोन-तीन मिनिटं अंग नुसतं भिजू द्यायचं, म्हणजे वरच्या मेलेल्या पेशी फुगून सैल होतात. मग ओल्या सुती फडक्याने घासायचं, हलक्या हाताने. त्वचा गुलाबी झाली तिथपर्यंत पुरे, लाल होऊन चुरचुरली तर जास्त झालं. काखेत फडक्यापेक्षा बोटं बरी. वाहत्या पाण्याखाली बोटांच्या पेरांनी प्रत्येक काख वीस-तीस वेळा घासायची, बुळबुळीत लागायचं थांबेपर्यंत. काखेतले केस कातरून बारीक ठेवले तर काम निम्म्यावर येतं. मग टॉवेलने अगदी कोरडी करायची आणि ओला तुरटीचा खडा एकदा फिरवायचा. तुरटीने जिवाणूंची वाढ मंदावते. घाम थांबत नाही, आणि थांबावा अशी अपेक्षाही नको.

चुकतं कुठे, तर कानामागे, मानेच्या मागच्या वळीत आणि बेंबीत. फेस होता तेव्हा तो ओघळत तिथे जायचा आणि न घासताही थोडंफार निघायचं. नुसतं पाणी तेवढं करत नाही. तिथे महिनाभर बोट फिरलं नाही तर मेलेल्या पेशी, तेल आणि धूळ यांचा तपकिरी थर जमतो, जो लोक बिचारे त्वचारोग म्हणून दाखवायला नेतात. बोटांच्या बेचक्यांत भीती बुरशीची. ती साबणानेही मरत नव्हतीच. तिला ओल हवी असते, म्हणून बेचक्या पुसणं हाच उपाय. योनीच्या आत साबण कधीच जायला नको होता. तिथला सामू ३.८ ते ४.५ असतो आणि तो तिथल्या लॅक्टोबॅसिलस जिवाणूंनी राखलेला असतो. बाहेरून कोमट पाणी पुरतं. पुरुषांनी शिश्नाची पुढची त्वचा सहज जाईल तेवढी मागे घेऊन पाण्याने धुवावी. एवढंच.

पंधरा दिवस नेटाने सगळं केलं तरी वास जात नाही अशी तक्रार असेल, तर शर्ट हुंगून पाहा. पॉलिस्टरचा धागा तेल धरून ठेवतो आणि वास करणारे जिवाणू त्यावर सुतापेक्षा चांगले पोसतात. दोष काखेचा नसतोच, तिला रोज नव्याने लागण करणाऱ्या कापडाचा असतो.

केसांचं प्रकरण अवघड. पहिले दोन ते सहा आठवडे डोकं तेलाने थापल्यासारखं दिसतं आणि बहुतेक जण इथेच शाम्पूकडे परततात. या काळाबद्दल एक लाडकी समजूत आहे: शाम्पू थांबला की ग्रंथी 'शिकतात' आणि तेल कमी करतात. मला ती पटत नाही. सीबम किती बनायचं ते मुख्यतः संप्रेरकं ठरवतात, वर कोण काय ओततं याची ग्रंथीला खबर नसते. बदलतो तो आपला हात. मुळाशी साचलेलं तेल टोकापर्यंत ओढून नेण्याची सवय लागते, आणि डोळाही थोड्या चकाकीला सरावतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक काही वर्षांचं जुनं. तिथपर्यंत तेल आपल्या पायांनी चालत जाणार नाही.

त्यामुळे खरं काम कोरड्या केसांवर, पाणी लावण्याआधी. केसांचे भांग पाडत जायचं आणि प्रत्येक भांगात बोटांची पेरं (नखं नव्हेत) टेकवून कातडी हाडावर पुढेमागे हलवायची. मग बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत चिमूट ओढत न्यायची. शेवटी नैसर्गिक केसांचा ब्रश मुळापासून टोकापर्यंत. सगळं मिळून दहा मिनिटं. त्यानंतर कोमट पाणी, पाच मिनिटं तरी, भांगाभांगातून. नुसतं डोक्यावर तांब्या ओतला तर वरचे केस भिजतात आणि मुळं कोरडीच राहतात. हे तीन-चार दिवसांतून एकदा. कुरळ्या केसांना ब्रश मानवत नाही, तिथे फक्त बोटं.

एवढं करूनही केस मेणबत्तीसारखे चिकट लागले तर संशय पाण्यावर घ्यावा. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या, पाण्यातलं कॅल्शियम सीबममधल्या स्निग्धाम्लांशी जुळतं आणि न विरघळणारा साका केसावर बसतो. हा साका म्हणजे रसायनशास्त्राच्या हिशेबाने साबणच, फक्त निकामी साबण. साबण सोडलेल्या डोक्यावर साबण तयार व्हावा, हा विनोद पाणीच करू जाणे. पाणी उकळून निवलं की जडपणाचा काही भाग खाली बसतो, सगळा नाही. शेवटचं लिटरभर पाणी ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) घेतलं तर फरक लगेच कळतो. किंवा पाव लिटर पाण्यात ५ टक्क्यांचं व्हिनेगर १५ मिलिलिटर घालून ते केसांवरून सोडायचं, मिनिटभर ठेवायचं आणि धुवायचं. डोळे मिटून. जखम असेल तर नाहीच.

व्हिनेगरच्या जोडीने नेहमी सुचवला जातो तो खाण्याचा सोडा मात्र नको. त्याचा सामू ८ च्या वर. केसाची खवली उचलली जातात, केस एकमेकांत अडकतात आणि काही महिन्यांत तुटू लागतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करणाऱ्यांना तर फसफसण्याचा आनंद तेवढा मिळतो. दोघे एकमेकांना संपवतात, उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. रिठ्याचंही थोडं सांभाळूनच. त्यातलं सॅपोनिन तेल काढतं, म्हणजे तो झाडाला लागलेला साबण. वापरावा, पण साबण सोडला म्हणून सांगू नये.

कोंडा असणाऱ्यांनी हा प्रयोग जपून करावा. मॅलॅसेझिया नावाची बुरशी सीबमवरच जगते, ते खाऊन ओलेइक आम्ल मागे ठेवते आणि संवेदनशील कातडीला त्यानेच खाज सुटते. तिला जेवण वाढून ठेवायचं आणि कोंडा जाईल म्हणायचं, हे जुळत नाही. पिवळसर, चिकट खपल्या दिसल्या की औषधी शाम्पूच घ्यावा.

आणि हात. हातांचा साबण सोडायचा नाही, यावर चर्चा नको. जेम्स हॅम्ब्लिन या अमेरिकी डॉक्टर-पत्रकाराने कित्येक वर्षं साबण-शाम्पूची अंघोळ सोडली होती, हात मात्र तो साबणानेच धूत राहिला. शौचानंतर, स्वयंपाकाआधी, आजाऱ्याला हात लावल्यावर, पुरती वीस सेकंदं. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस सॅनिटायझरच्या अल्कोहोलला नीट दादच देत नाही. त्याला चोळून वाहवूनच द्यावं लागतं. जंतुनाशक साबणाची गरज नाही, साधी वडी चालते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ट्रायक्लोसानसह १९ घटक अशा साबणांतून बाद केले, कारण ते साध्या साबणापेक्षा सरस असल्याचं उत्पादकांना दाखवता आलं नव्हतं. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच लशीसाठी जायचं. रेबीजच्या विषाणूचं आवरण स्निग्ध असतं, साबण ते फोडतो. तेव्हा घरात एक वडी असू द्यावी.

पाण्याला न जुमानणारं सनस्क्रीन, ग्रीस, रंग यांनाही नुसतं पाणी पुरत नाही. तिथे साबणच, तेवढ्या जागेपुरता.

राहिली फणी. शाम्पू बंद झाल्यावर दातांच्या बुडाशी दर आठवड्याला एक करडा, मऊ लेप साठतो. तेल, कोंडा आणि उशीच्या अभ्र्याची लव. तो तसाच ठेवून केस विंचरले की काढलेलं सगळं परत डोक्यावर. अभ्रा तीन दिवसांनी बदलायचा, फणी आठवड्याला कोमट पाण्यात साबण घालून जुन्या टूथब्रशने घासायची. लाकडी असेल तर भिजत ठेवायची नाही, दात फुगून तडकतात. ब्रश दांडीवर उभा नाही, केस खाली करून वाळवायचा.