तेच वाक्य, साडेसहाशे वेळा

प्रयोग संपला की मी मेकअपरूममध्ये तोंडाला खोबरेल तेल चोपडून बसलेला असतो. रंग उतरवायला तेलासारखं दुसरं काही नाही. तेवढ्यात माणसं भेटायला येतात, कुणी हात हातात घेतं, कुणी फोटो काढतं, आणि एक प्रश्न ठरलेला असतो. परवा नाशिकला कालिदास नाट्यगृहात तो एका ताईंनी विचारला. नऊ-दहा वर्षांचा मुलगा त्यांचं बोट धरून उभा होता. म्हणाल्या, "दादा, राग मानू नका, पण तेच वाक्य, तोच विनोद इतक्या वर्षांत इतक्या वेळा करून कंटाळा नाही येत?" बाहेर बस चालू करून ठेवली होती, मॅनेजर दोनदा डोकावून गेला होता. मी "छे हो, नाही येत" एवढंच म्हणालो आणि त्या निघून गेल्या. उत्तर खरं होतं, पण अर्धवट होतं. ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आज सावकाश सांगतो.

आधी ते वाक्य सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. नाटकात मी एका कर्जबाजारी माणसाचा घरगडी आहे. दारात वसुलीवाला येतो आणि दरडावून विचारतो, "मालक घरात आहेत का?" मी एकदा त्याच्याकडे बघतो, एकदा आतल्या दाराकडे बघतो आणि म्हणतो, "विचारून सांगतो." झालं, एवढंच. कागदावर दोन शब्द आहेत. साडेसहाशेच्या वर प्रयोग झाले, प्रत्येक प्रयोगात मी ते बोललो आहे.

तोच विनोद पुन्हा बघायची गोडी मला नाटकात यायच्या फार आधी लागली. मी सांगली जिल्ह्यातला. आमच्या भागात तमाशातल्या, कवलापूरच्या काळू-बाळूंचं नाव घेतलं की म्हातारी माणसंसुद्धा सावरून बसायची. जुळे भाऊ, ओळखू न येण्याइतके सारखे, 'जहरी प्याला' या वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, दोघंही हवालदार. त्यांच्या नावावर माणसं बैलगाड्या जुंपून यायची. मी दहा-अकरा वर्षांचा असताना यात्रेला एक लहानसा तमाशाचा फड आला होता. त्यातल्या सोंगाड्यानं, म्हणजे विनोदी नटानं, बतावणीत, त्या विनोदी सवालजवाबांत, असा काही धुमाकूळ घातला, की दुसऱ्या दिवशी तोच फड शेजारच्या गावी जाणार म्हटल्यावर मी चुलतभावाबरोबर चालत तिथे गेलो. वाटेत मी त्याला सगळी बतावणी पाठ म्हणून दाखवली, कुठे हसायचं तेही सांगितलं. आणि तिथे तो सोंगाड्या मी सांगितलेल्या जागी थांबलाच नाही! पुढे बसलेल्या एका बाईचं पोर रडायला लागलं होतं. तो थबकला, पोराकडे बघितलं, मावशीचं सोंग घेतलेल्या नटाला म्हणाला, "बघ, ह्याला कळलं पुढं काय हाय ते." मग कालचंच वाक्य बोलला. हशा कालच्या दुप्पट पडला. चुलतभाऊ माझ्यावर चिडला, तू चुकीचं सांगितलंस म्हणाला. मी मात्र परत येताना सगळी वाट तेवढाच विचार करत होतो. वाक्य तेच होतं. मग काय बदललं?

त्याचं उत्तर मिळायला पंधरा वर्षं गेली. कॉलेजात एकांकिका केल्या, मग राज्य नाट्य स्पर्धा, मग मुंबई, आणि बऱ्याच हेलपाट्यांनंतर व्यावसायिक नाटकात पहिलं काम. ती धडपड सगळ्यांचीच असते, त्यात वेगळं काही नाही. वेगळं मिळालं ते पहिल्या नाटकातले काका. सगळं युनिट त्यांना काकाच म्हणायचं. चाळीस वर्षं रंगभूमीवर काढलेली. माझ्या पहिल्याच प्रयोगात मला हशा मिळाला आणि त्या आनंदात मी पुढचं वाक्य हाणून मोकळा झालो. ते कुणालाच ऐकू गेलं नाही. मध्यंतरात वडा खाताना काकांनी जवळ बसवून घेतलं.

"घाई कसली रे तुला? आईनं दूध तापवताना बघितलंस का कधी? वर येतं, काठाला लागतं, मग बसायला लागतं. ते बसायला लागलं की बोल. वर येताना बोललास तर तुझाच लाफ्टर तू मारलास. पार तळाला जाऊ दिलंस, तर पुन्हा तापवायला वेळ लागतो."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मला एक काम लावलं. माझा प्रवेश नसेल तेव्हा विंगेत, स्टेजच्या बाजूच्या आडोशाला, डोळे मिटून उभं राहायचं आणि नुसता हशा ऐकायचा. कुठून सुरू होतो, डावीकडून की बाल्कनीतून. बायका आधी हसतात की पुरुष. किती वेळ टिकतो. कधी नुसतं श्वास सोडल्यासारखं होतं, ते हसू आहे की पुढच्या हशाची तयारी. पंधरा-सोळा प्रयोग मी तेवढंच केलं. तोवर मला वाटायचं, मी बोलतो आणि लोक ऐकतात. त्या पंधरा प्रयोगांत माझे कान तयार झाले. त्यानंतर आजवर एकाही प्रयोगात मला ते दोन शब्द सारखे वाटलेले नाहीत.

पुण्यात बालगंधर्वला रविवारी दुपारी माझ्या पहिल्या नजरेवरच थोडी कुजबुज होते आणि वाक्याला एकदम, एकसंध हशा येतो. दादरला शिवाजी मंदिरात रात्रीचा प्रयोग असला, तर दुसऱ्या अंकात लोकांच्या मनात शेवटची लोकल धावायला लागलेली असते. तिथे नजर अर्धी करायची, वाक्य लवकर द्यायचं. आणि कणकवलीकडे? तिथला प्रेक्षक स्वतः नाटकात वाढलेला. त्याच्या गावच्या देवळात रात्र रात्र दशावतार होतो, ज्यात संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरलेलं, बाकी संवाद नटानं उभ्या उभ्या रचायचा. अशा माणसाला गप्प बसायची सवय कशी असेल! तिकडे एका प्रयोगात मी आतल्या दाराकडे बघत होतो आणि मैदानातून एक गृहस्थ ओरडले, "अरे, आतच आसा तो!" सगळं मैदान हसलं. मी त्यांच्याकडे बघून हात जोडले, वसुलीवाल्याकडे वळलो आणि म्हणालो, "विचारून सांगतो." त्या रात्रीचा हशा किती वेळ टिकला म्हणून सांगू! काका स्टेजवर वसुलीवाल्याच्या भूमिकेत होते. त्यांनी हसू दाबायला पाठ फिरवली आणि पाठीमागे नुसता अंगठा दाखवला.

दादा कोंडके थोर होते ते याच कानामुळे, असं माझं ठाम मत आहे. वसंत सबनीसांचं 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य १९६५ साली आलं, दादांनी त्याचे १५०० च्या वर प्रयोग केले. त्यात दादांच्या ताज्या ॲडिशन, म्हणजे संहितेबाहेरची ऐनवेळची वाक्यं, असायच्या, चालू घडामोडींवरच्या. नायगावच्या गिरणगावात वाढलेला हा माणूस समोर कोण बसलंय ते ओळखून बोलायचा. लोक एवढंच म्हणतात, की दादा हजरजबाबी होते. मला वाटतं, ते आधी फार बारकाईनं ऐकत असणार. ऐकल्याशिवाय हजर जबाब येणार कुठून?

चार्ली चॅप्लिनच्या १९६४ सालच्या आत्मचरित्रात एक प्रसंग आहे, तो मी नव्या मुलांना नेहमी सांगतो. इंग्लंडमधल्या ऑल्डरशॉटला त्याची आई गात होती आणि तिचा आवाज मधेच गेला. मॅनेजरनं पाच वर्षांच्या चार्लीला पुढे केलं. त्यानं गाणं सुरू केलं, लोकांनी नाणी फेकली. पोरगा गाणं थांबवून म्हणाला, आधी पैसे गोळा करतो, मग गातो. लोक हसले. मॅनेजर रुमाल घेऊन नाणी वेचायला आला. चार्लीला वाटलं, हाच ठेवून घेणार. मॅनेजर पैसे घेऊन निघाला तसा हा काळजीनं त्याच्या मागे मागे. हशा वाढला. पैसे आईच्या हातात पडल्यावरच तो परत येऊन गायला. पुढे त्यानं आईच्या गाण्याची नक्कल केली, ती करताना आवाज फाटतो तोसुद्धा घेतला. ते वाचताना मला दरवेळी भरून येतं. आईच्या उमेदीचा शेवट त्या रात्री होत होता आणि पोराला आपल्याला लोक हसतायत एवढंच कळत होतं.

आता माझ्या आयुष्यातली ती रात्र. साधारण २००६ सालचा उन्हाळा. गावोगाव भारनियमन होतं. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानात प्रयोग होता, हजारभर माणूस. दुसरा अंक सुरू झाला आणि जनरेटर बंद पडला. माईक गेले, दिवे गेले. कुणीतरी गॅसबत्ती आणून स्टेजच्या पुढच्या कडेला ठेवली. तिच्या उजेडात आमचे गुडघ्यापर्यंतचे पाय दिसत होते, चेहरे काळोखात. लोक उठले नाहीत. एक आजोबा म्हणाले, "बोला तुम्ही, आम्ही ऐकतो."

माझी जागा जवळ यायला लागली आणि पोटात गोळा आला. त्या विनोदाचं सगळं बळ नजरेत होतं, आणि डोळे कुणालाच दिसत नव्हते. माझ्या पायात कोल्हापुरी वहाणा होत्या, नव्या, करकरणाऱ्या. वसुलीवाल्यानं विचारलं, "मालक घरात आहेत का?" मी काही बोललो नाही. वळलो आणि आत चालायला लागलो. करकर, करकर, करकर. विंगेत जाऊन थांबलो. मैदानात टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मनात चार आकडे मोजले. मग परत फिरलो, करकर, करकर, दारात येऊन उभा राहिलो. आतून मालकानं काय सांगितलं ते सगळ्यांना त्या करकरीतच कळलं होतं. हशा फुटायच्या बेतात होता. तेव्हा म्हणालो, "विचारून सांगतो."

अंधारात हजार माणसं हसतात तेव्हा कसं वाटतं हे मला नीट सांगता येणार नाही. जमीन हसल्यासारखं वाटलं. प्रयोगानंतर दिग्दर्शकांना फोन करून विचारलं, ही चाल कायम ठेवू का? ते हो म्हणाले. तेव्हापासून ती नाटकात आहे. ताई, परवा तुम्ही ऐकलीत ती करकर त्या मैदानातली आहे.

आणि मग २०२० चा मार्च. नाट्यगृहं बंद झाली. आमचं पोट नाईटवर चालतं, प्रयोग झाला तर पैसे. नटांचं कसंबसं निभावलं, पण पडद्यामागच्या माणसांचे फार हाल झाले. आमच्या नेपथ्याच्या गाडीवरचा एक मुलगा भाजी विकायला लागला, दुसरा गावी गेला तो परत आलाच नाही. त्याच्याइतक्या हलक्या हातानं घराचं दार उभं करणारा मला अजून भेटलेला नाही. त्या नोव्हेंबरात निम्म्या क्षमतेनं परवानगी मिळाली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि अखेर २२ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा दारं उघडली, तीही निम्म्या प्रेक्षकांसाठी.

उघडल्यानंतरच्या पहिल्या प्रयोगात मी वाक्य बोललो आणि हशा आला, पण ठिपक्या-ठिपक्यांनी. इथे एक, तिकडे दोन. सगळ्यांच्या तोंडावर मास्क, मधली मधली खुर्ची रिकामी. तेव्हा मला कळलं, की हसू खांद्याला खांदा लागून पसरतं. शेजारचा गदागदा हलतो म्हणून आपण हसतो. मधे एक रिकामी खुर्ची आली की ते तिथेच अडतं. मी वाक्यानंतर जरा जास्त थांबलो, हशाला एका खुर्चीवरून दुसऱ्या खुर्चीवर जायला वेळ दिला. पोचला तो. सावकाश पोचला, पण अगदी शेवटच्या रांगेपर्यंत गेला. विंगेत येऊन मी भिंतीला टेकून उभा राहिलो आणि रडलो. त्या काळात मी कशासाठी झुरलो असेन, तर या दोन शब्दांसाठी. ताई, तुमच्या प्रश्नाचं माझ्याकडे असलेलं खरं उत्तर ते आहे.

काका आता नाहीत. वसुलीवाल्याचं काम एक तरुण मुलगा करतो, चांगलं करतो. मी त्याला विंगेत डोळे मिटून उभा करतो.

आज साताऱ्याला शाहू कला मंदिरात प्रयोग आहे, बस दुपारी १ वाजता शिवाजी मंदिरासमोरून सुटेल. एक राहिलंच. परवा तुम्ही निघालात तेव्हा तुमचा मुलगा मेकअपरूमच्या दारात थांबला आणि त्यानं मला ते वाक्य करून दाखवलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि मग पुन्हा माझ्याकडे, अगदी बिचाऱ्या चेहऱ्यानं. मग म्हणाला, "विचारून सांगतो." तिसऱ्यांदा बघणं माझ्यात नाही, इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं. आज साताऱ्यात करून बघणार आहे.