सरकारी जंगल, अस्वले आणि शिकारीचा परवाना

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसांपुढे काळ्या अस्वलाच्या शिकारीचा विषय काढला की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया नकाराचीच असते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतरही काही प्रमाणात परवान्याने होणारी शिकार १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली, त्यामुळे सरकारी जंगलात छंदासाठी बंदूक चालवता येते ही कल्पनाच आपल्या पिढीच्या गळी उतरत नाही.

येथील वाद मात्र वेगळ्या वळणाचा आहे. अस्वलांचा हंगाम ठरवण्याचा अधिकार गव्हर्नरकडे नसून ‘फिश अँड गेम कौन्सिल’ या मंडळाकडे आहे, आणि त्याच्या अकरा सदस्यांपैकी सहा जण शिकारी व मच्छीमारांच्या संघटनांच्या शिफारशीने येतात. शिकार थांबवण्याचे आश्वासन देऊन निवडून आलेल्या तत्कालीन गव्हर्नर फिल मर्फी यांच्या हातात होती ती फक्त राज्याच्या मालकीची जमीन. म्हणून २०१८ मध्ये त्यांनी आदेश काढून ती अस्वलांच्या शिकारीला बंद केली. खासगी जमिनीवर शिकार २०२० पर्यंत चालूच राहिली, आणि बंद केलेल्या त्याच सरकारी जंगलांत हरणांची शिकारही चालू राहिली. मला हा निर्णय तेव्हाही अर्धवट वाटला होता. राज्याच्या वन्यजीव क्षेत्रांची खरेदी सुरुवातीला शिकाऱ्यांच्या परवाना शुल्कातूनच झाली होती, त्यामुळे ‘ही जमीन सगळ्यांची’ असे म्हणताना शिकाऱ्यांना त्यातून वगळणे सोपे नव्हते.

२०२२ मध्ये लोकांकडून येणाऱ्या तक्रारी झपाट्याने वाढल्या, तेव्हा मर्फी यांनीच तो आदेश मागे घेतला. अस्वलांची संख्या सुमारे ३,००० असून ती दोन वर्षांत ४,००० च्या पुढे जाईल, असा अंदाज त्या वेळी राज्याने मांडला. प्रकरण न्यायालयात गेले, तात्पुरती स्थगिती मिळाली, ती उठली आणि डिसेंबरमध्ये शिकार झाली. नियम बऱ्यापैकी कडक आहेत: ७५ पौंडांहून लहान पिल्लाला किंवा पिल्ले सोबत असलेल्या मोठ्या अस्वलाला मारता येत नाही. शिवाय त्या वर्षी खुणेचा बिल्ला लावलेल्या अस्वलांपैकी तीस टक्के मारली गेली की हंगाम थांबतो, आणि वीस टक्केही मारली गेली नाहीत तर तो वाढवला जातो.

माझा आक्षेप सरकारी जमीन शिकारीला खुली करण्याला नाही, त्यासाठी दिलेल्या कारणाला आहे. कारण सांगितले गेले ते वस्तीच्या सुरक्षेचे. पण वस्तीत येणारे अस्वल येते ते कचऱ्याच्या डब्यासाठी, पक्ष्यांना ठेवलेल्या दाण्यांसाठी आणि अंगणातल्या बार्बेक्यूच्या चरबीच्या वासाने. ससेक्स काउंटीच्या दाट रानात एखादे अस्वल पडले, म्हणून उपनगरातला डबा सुरक्षित होत नाही. संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी शिकार हवी असेल, तर तसे स्पष्ट म्हणावे. त्यावर वाद घालता येतो, आकडे तपासता येतात. सुरक्षेचे नाव घ्यायचे असेल, तर अस्वलाला उघडता न येणारे डबे त्या भागातल्या प्रत्येक घराला सक्तीचे करण्याची तयारीही दाखवायला हवी. मतदारांच्या खिशाला हात घालणारी ती गोष्ट असल्यामुळे तिचा उच्चार कमी होतो, असा माझा संशय आहे.

राहिला प्रश्न आपल्यासारख्या भटक्यांचा. हंगामात त्या रानवाटांवर जायचे असल्यास नारिंगी जाकीट घालावे, आणि शक्य असेल तर रविवार निवडावा. सरकारी जमिनीवर त्या दिवशी बंदुकीने शिकार करता येत नाही.