वीतभर मासा

गेल्या काही वर्षांतला एक उन्हाळा मी अमेरिकेत, आयडाहोतल्या पाँड ओरे तलावाच्या धक्क्यावर काढला. काम हंगामी होतं. गळाने मासे धरून परतणाऱ्या बोटी गाठायच्या, किती तास घालवले ते विचारायचं, मासे मापायचे. रत्नागिरीत मत्स्यशास्त्र शिकले तरी मोठा मासा दिसला की माझे डोळे आधी तिकडेच जात.

त्या दिवशी शेवटच्या बोटीतून एक आजोबा आणि त्यांचा दहा वर्षांचा नातू उतरले. बर्फात सहा कोकॅनी होते आणि वर हातभर लांबीचा एक रेनबो ट्राउट. कोकॅनी नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपलं कोकणच आठवलं होतं. शब्द मात्र तिथल्या मूळ रहिवाशांच्या सॅलिश भाषेतला, अर्थ लाल मासा. हा सॉकाय सॅमनच, पण समुद्रात न जाता आयुष्य गोड्या पाण्यात काढणारा.

मी ट्राउटचं कौतुक केलं. आजोबा म्हणाले, "त्याचं काय ते लिहून घे. आम्ही आलो ते या कोकॅनींसाठी."

खाद्य तपासायला दोन मासे तिथेच चिरले. ट्राउटच्या जठरातून अर्धवट पचलेला छोटा कोकॅनी निघाला. कोकॅनीच्या जठरात नुसता तांबूस लगदा, पाण्यातल्या बारीक जिवांचा. कल्ला उचलला तर आत फणीसारखे दाट काटे, हे खाद्य गाळून घेण्यासाठी. मांस गडद केशरी. बोटांना तेल लागलं.

आजोबांनी गळ दाखवला. टोकाला मक्याचा एक पांढरा दाणा. "उन्हाळ्यात हा थंड पाण्यात खोल जातो. थवा सापडला, तरी दोर नेमक्या खोलीवर हवा." मग माशाचा ओठ त्यांनी माझ्या बोटावर ठेवला. ओल्या कागदासारखा. जरा हिसका बसला की फाटतो आणि मासा गेला. मोठा ट्राउट ताकदीने ओढता येतो, याला हलक्या हातानेच आणावं लागतं.

1966 साली कोकॅनीला खाद्य म्हणून तलावात मायसिस कोळंबी सोडली. ती त्याच्याच वाट्याचं प्लवक, म्हणजे पाण्यातले ते बारीक जीव, खाऊ लागली, तिच्यावर लेक ट्राउट या दुसऱ्या शिकारी माशाची पिल्लं पोसली आणि मोठी होऊन कोकॅनीवर तुटून पडली. 2000 मध्ये कोकॅनी धरायला बंदी आली. 2006 पासून जाळी लावून, शिवाय गळवाल्यांना लेक ट्राउटमागे 15 डॉलर देऊन ते कमी केले, तेव्हा कुठे 2013 मध्ये बंदी उठली.

"बंदी आली तेव्हा याचा बाप सातवीत होता," आजोबा म्हणाले. "त्याला शिकवायचं राहूनच गेलं. ट्राउट तर तेव्हाही मिळत होता. पण मला हा शिकवायचा होता."

शेवटचा कोकॅनी मापला. 24 सेंटीमीटर. नातवाने तो माझ्याकडून दोन्ही हातांनी घेतला आणि जपून बर्फात ठेवला. ट्राउट अजून धक्क्याच्या फळीवरच होता.