घटका भरली, पण ऐकतो कोण?

रोममध्ये सेंट पीटर्स चर्चला पहिल्या दिवशी गेलो तो घुमट बघण्यातच वेळ संपला. दुसऱ्या दिवशी स्केचबुक घेऊन पुन्हा त्या लांबलचक रांगेत उभा राहिलो, ते केवळ एका सांगाड्यासाठी.

पोप सातवा अलेक्झांडर १६६७ मध्ये गेला. त्याची इथली समाधी शिल्पकार बर्निनीने पुरी केली १६७८ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना. जागा मिळाली ती अशी की खाली मधोमध चक्क खरं दार! दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. या म्हाताऱ्याने ते दारच मृत्यूला देऊन टाकलं. दारावर लालसर दगडाचं भलंमोठं कापड पसरलंय. इतकं मऊ दिसतं की हात लावून बघावासा वाटतो. आणि त्याखालून सोनेरी, पंखवाला सांगाडा धडपडत वर येतोय, हातात वाळूचं घड्याळ उंचावून.

आपल्याकडे लग्नात घटिकापात्र ठेवत, तीच घटका. 'तुझी भरली बरं का,' असं तो ओरडून सांगतोय, आणि वर पोप गुडघे टेकून, हात जोडून शांत. ढुंकूनही बघत नाही. बरोक काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासच्या त्या नाट्यमय कलेत, मृत्यू बहुधा भीती घालायला येतो. इथे त्याची अवस्था दारातून परत पाठवलेल्या वसुलीवाल्यासारखी आहे. खरं तर हा पोप मृत्यूला आधीपासून ओळखत होता. १६५५ मध्ये निवड झाल्यावर लगेच त्याने बर्निनीकडून संगमरवरी कवटी करून घेतली होती. ती आता ड्रेस्डेनला आहे.

समाधीच्या बाजूला बायकांचे पुतळे आहेत, त्यांतली एक म्हणजे सत्य. तिचा पाय पृथ्वीच्या गोलावर आहे आणि अंगठा इंग्लंडवर टेकलाय, असं सांगतात. ती आधी उघडी होती. पुढच्या एका पोपला ते खपलं नाही, म्हणून तिला धातूचं वस्त्र चढवून पांढरा रंग दिला. सत्याला झाकायची हौस जुनीच म्हणायची!

चित्र काढायला घेतलं आणि फजिती झाली. बरगड्या जमल्या, घड्याळ जमलं. मग चेहरा शोधायला लागलो, तर तो कापडात गुरफटलेला. दोनदा खोडलं. पानावर आता एक हात आहे, घड्याळ आहे, आणि डोक्याच्या जागी नुसत्या चुण्या.