टूथपेस्ट खालूनच दाबायची
आज सकाळी पुन्हा तेच. ट्यूब मधोमध आवळलेली, टोपण उघडं, तोंडाशी पेस्टचा वाळलेला गोळा. बोललो तर ऐकायला मिळालं, "एवढ्याशा गोष्टीवरून किती डोकं खातोस!" खातो. आणि खाणारच.

दाबायच्या ट्यूबचं पेटंट जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ साली घेतलं, तेही तैलरंगांसाठी. टूथपेस्ट त्यात नंतर आली. पत्र्याची ट्यूब खालून गुंडाळत नेली की तशीच राहायची. आताची प्लॅस्टिकची ट्यूब हात सोडला की पुन्हा फुगते. त्यात मधेच दाबली की अर्धी पेस्ट वर येते, अर्धी मागे पळते. मागे गेलेली शेवटी कोण काढतं? ज्याला फिकीर आहे तो! टूथब्रशच्या दांड्याने तळापासून रेटत रेटत.

बाकी पंख्याचा वेग, खिडकी उघडी की बंद, यात मी कुणाचंही मुकाट ऐकतो. (फोन स्पीकरवर ठेवून बोलणाऱ्यांचा विषय वेगळा, त्यावर स्वतंत्र पोस्ट लिहीन.) पण ट्यूबच्या बाबतीत तसूभरही मागे हटणार नाही.

तुमच्याकडे मधूनच दाबणारं कोण आहे? त्यांना खुशाल टॅग करा.