ग्रँट पार्कमधले चेहरे

शिकागोला लेकीकडे आल्यापासून ग्रँट पार्क सावकाश, पायी आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहायचे माझ्या मनात होते. जूनमधल्या एका शनिवारी तो योग आला. लेकीने मला आणि नातवाला सकाळीच रूझवेल्ट रस्त्याजवळ, उद्यानाच्या दक्षिण टोकाला सोडले. तिथून मिशिगन सरोवराला उजव्या हाताला ठेवून आम्ही उत्तरेकडे चालायला लागलो.

सुरुवातच 'अगोरा'पासून झाली. माग्दालेना अबाकानोविच या पोलिश शिल्पकर्तीने घडवलेल्या, नऊ फूट उंचीच्या 106 लोखंडी आकृत्या इथे 2006 पासून उभ्या आहेत. त्यांना डोके नाही, हात नाहीत. आहेत ते केवळ चालते पाय आणि गंज चढून तांबूस झालेले धड. जवळ गेल्यावर लक्षात येते की हे धड आतून पोकळ असून वरचा पृष्ठभाग जुन्या झाडाच्या सालीसारखा खरखरीत आहे. सभोवती कठडा नसल्यामुळे आपण सरळ त्या गर्दीत शिरतो. नातवाने एका आकृतीला हात लावला, तेव्हा उन्हाने ते लोखंड चांगलेच तापले होते. "आजी, हे सगळे कुठे चाललेत?" असे त्याने विचारले आणि मला उत्तर देता आले नाही, कारण कोणतेही दोघे एका दिशेला चाललेले नव्हते. अबाकानोविचचे बालपण दुसऱ्या महायुद्धात गेले. गर्दीचे भय तिने जवळून पाहिले होते. आपल्याकडे पुतळा म्हटला की उंच चौथरा, भोवती कठडा आणि जयंतीच्या दिवशी हार असेच मी लहानपणापासून पाहत आले आहे. त्यामुळे कोणाचेही नाव नसलेल्या, जमिनीवरच उभ्या असलेल्या या माणसांमधून पाय लवकर निघेना.

पुढचे बकिंगहॅम कारंजे 1927 सालचे. त्यातल्या समुद्राश्वांच्या चार जोड्या म्हणजे या सरोवराच्या काठावरची चार राज्ये. तिथे आम्ही डबा खाल्ला आणि निघालो.

या वाटेवर मनात सतत येत होते ते ही जमीन मोकळी राहिल्याचे अप्रूप. 1871 च्या मोठ्या आगीनंतरचा राडारोडा सरोवरात टाकून इथली बरीच भूमी तयार झाली. ही जागा कायम खुली राहावी, तिथे इमारती होऊ नयेत, असे 1836 च्या नकाशावरच लिहून ठेवलेले होते. तरीही तिच्यावर अनेकांचा डोळा होता. माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने 1890 पासून सुमारे 20 वर्षे न्यायालयात लढून तो शब्द पाळायला लावला. शहरातल्या बड्या लोकांचा रोष त्याने पत्करला नसता, तर आज सरोवराकडून येणारा हा वारा आमच्यापर्यंत पोचलाच नसता.

दुपारी मिलेनियम पार्कमध्ये आलो. रेल्वेमार्ग आणि वाहनतळ यांच्या डोक्यावर बांधलेले हे उद्यान 2004 साली खुले झाले. इथले 'क्लाउड गेट' हे आरशासारखे चकचकीत शिल्प घडवणारे शिल्पकार अनिश कपूर मुंबईत जन्मले, हे नातवाला सांगताना माझा ऊर भरून आला. पोलादाचे 168 पत्रे जोडून ते इतके घासले आहे की सांधा शोधूनही सापडत नाही. वरच्या भागात आकाश आणि मिशिगन अव्हेन्यूवरच्या इमारती वाकून दिसतात. खाली, बाळाच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर, बोटांचे असंख्य ठसे उमटलेले होते. कमानीखालून वर पाहिले तर बेंबीसारखा खोलगट भाग आहे. त्यात माणसे इतकी ताणली आणि उलटी होतात की माझा चेहरा मला ओळखता येईना. नातवानेच माझी मोरपंखी ओढणी हेरली आणि "ती बघ, तू तिथे!" म्हणून बोट दाखवले.

सरोवराच्या काठावर तासभर बसून परत फिरलो, तेव्हा ऊन उतरले होते. शिल्पकार जाउमे प्लेन्सा यांच्या 'क्राउन फाउंटन' या कारंज्याचे 50 फुटी दोन काचेचे मनोरे एकमेकांसमोर उभे आहेत आणि त्यांच्यावर शिकागोच्या सुमारे हजार रहिवाशांचे चेहरे आळीपाळीने उमटतात. मधल्या काळ्या ग्रॅनाइटवर जेमतेम तळवा भिजेल एवढेच पाणी असते. आम्ही पोचलो तेव्हा मनोऱ्यावर माझ्याच वयाची एक बाई होती. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या, पापण्यांची संथ उघडझाप, सारे मजल्याएवढ्या आकारात. ती हळूच हसली. तिच्या ओठांचा चंबू होऊ लागताच खाली जमलेल्या मुलांनी एकच गिल्ला केला. नातवाने बूट माझ्या हातात कोंबले आणि तो त्या तोंडाखाली धावला. क्षणभराने पाण्याचा लोट त्याच्या डोक्यावर कोसळला.