तुम्ही विचारलंत म्हणून: टेनिस का सोडलं

"चांगलं खेळत होतात की, अजून तीन-चार वर्षं सहज निघाली असती, मग सोडलंत का?" जो भेटतो तो हेच विचारतो, आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच देतो, "त्या मॅचनंतर मन उडालं असेल ना?" मन नाही उडालं हो. खांदा गेला.

ती मॅच म्हणजे विम्बल्डन क्वालिफाइंगची, म्हणजे पात्रता फेऱ्यांमधली, शेवटची राउंड, लंडनमधल्या रोहॅम्प्टनला. 128 जण खेळतात, 16 मेन ड्रॉमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत, जातात, आणि आमच्या वेळी पहिल्या दोन मॅच तीन सेटच्या असल्या तरी शेवटची पाच सेटची असायची. मी दोन सेटने पुढे होतो. तिसऱ्या सेटमध्ये सर्व्हिसचा टॉस टाकला, हात मागे गेला आणि खांद्यात आत काहीतरी सटकलं, बॉल पार नेटच्या खालच्या पट्टीवर जाऊन आपटला. फिजिओ आला, मेडिकल टाइमआउटची तीन मिनिटं घेतली, मी म्हटलं ठीक आहे. ठीक नव्हतं. फ्लॅट, म्हणजे सरळ जोरात, सर्व्हिस मारताच येईना म्हणून नुसती स्लाइस, म्हणजे बाजूने फिरकी दिलेली, टाकत राहिलो, ग्रासवर ती खाली राहते त्यामुळे काही गेम निघाले, पण समोरच्याला अंदाज आला आणि तो बेसलाइनच्या दोन पावलं आत येऊन उभा राहायला लागला. आपण सर्व्हिसला उभे आणि समोरचा पुढे सरकतोय, ते बघताना काय होतं ते खेळलेल्यालाच कळेल. तिसरा सेट गेला, चौथा गेला. पाचव्यात मला एक ब्रेक पॉइंट, म्हणजे त्याच्या सर्व्हिसवरचा गेम घ्यायची संधी, मिळाला होता, रिटर्न लांब गेला. संपल्यावर नेटपाशी त्या मुलाने माझा उजवा हात धरलाच नाही, डावा धरला.

मग लोक म्हणतात, तिथेच मॅच अर्धवट सोडून रिटायर व्हायचं ना, खांदा वाचला असता. अहो, दोन सेट पुढे असताना, मेन ड्रॉ एका सेटवर असताना कोण सोडतं? खरं सांगायचं तर मी पण कधीकधी त्या वेळच्या मला म्हणतो, थांब रे. तो म्हणतो, थांबून काय मिळणार होतं? त्याला काय सांगायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

नंतरचं थोडक्यात. ऑपरेशन, मग घरी बसणं. रँकिंगचे पॉइंट 52 आठवड्यांनी गळतात, तुम्ही आजारी असा नाहीतर खेळत असा. सहा महिन्यांहून जास्त बाहेर असलात तर प्रोटेक्टेड रँकिंग, म्हणजे दुखापतीच्या वेळचं रँकिंग वापरायला, मिळतं, पण त्यावर फक्त स्पर्धेत एन्ट्री मिळते, सीडिंग म्हणजे मानांकन नाही, त्यामुळे पहिल्याच राउंडला सीडेड खेळाडू समोर येऊ शकतो, आणि त्या एन्ट्र्याही मोजक्याच. त्या संपल्या तेव्हा मी परत एकूण 15,000 डॉलर बक्षिसाच्या स्पर्धांत होतो, जिथे पहिल्या राउंडला हरलं तर हॉटेल आणि रॅकेटच्या स्ट्रिंगिंगचाही खर्च निघत नाही. तेही केलं असतं. पण सर्व्हिसचा वेग परत आलाच नाही, आणि रोज सकाळी हात डोक्यावर न्यायला वेळ लागायचा.

अजून एक सीझन थांबलो असतो तर वेग आला असता का? डॉक्टर नाही म्हणाले, कोच हो म्हणाले, मी डॉक्टरांचं ऐकलं. चुकलो असेन किंवा नसेन, पण "हिंमत हरला" असं तेवढं म्हणू नका.